सोरायसिसविरुद्ध ओडार्टे सोवा

११ डिसेंबर

सामना ठरला. पाच मार्च, घानाच्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या संध्याकाळी. दहा फेऱ्या. मी विरुद्ध लारिया. लारिया उंच, तरुण, हात लांब, डोकं मोकळं. मी छत्तीसचा. पण बॉक्सरचं वय पायांवरून धरतात, आणि माझे पाय पंचविशीतले आहेत.

टागो बाबांना हे सांगितलं. टागो बाबा माझे कोच. बुकोम या आमच्या वस्तीतली निम्मी नाकं त्यांच्या शिष्यांनी मोडलेली आहेत. ते म्हणाले, "पाय पंचविशीतले असतील रे, पण गुडघ्यांना काय झालंय ते?"

काही झालेलं नाही. गुडघ्यांवर, कोपरांवर आणि डोक्यात कातडी जरा जाड झाली आहे. जांभळट चट्टे, वर पांढरे पापुद्रे. हरमट्टन सुरू झालाय. वाळवंटाची धूळ घेऊन वारा येतो तेव्हा सगळ्या अक्राची कातडी फुटते. माझी जरा मनापासून फुटते, इतकंच. गेल्या वर्षी पावसाळ्यातही फुटली होती, पण ते वेगळं.

अजेलीने सकाळी चटई झटकली. म्हणाली, "दिवसभर मी माशांचे खवले काढते, आणि घरी आल्यावर नवऱ्याचे." माझी बायको विनोदी आहे. मी हसलो नाही. ट्रेनिंगच्या काळात मी हसत नाही.

ठराव: नाताळपर्यंत कातडी साफ.

१३ डिसेंबर, सकाळ

लढाईचं तत्त्व एकच: पहिला ठोसा आपला. जाळीची घासणी, कपडे धुवायची पावडर, अर्धं लिंबू. डाव्या कोपरापासून सुरुवात केली. पापुद्रे पळाले. खालून लालभडक कातडी निघाली, तिलाही सोडलं नाही. रक्त आलं. मग उजवं कोपर. मग गुडघे. मग हात तापला होता म्हणून नडग्या, ज्यांना काही झालेलं नव्हतं. शत्रूला आसरा मिळू नये.

पहिली फेरी माझी.

संध्याकाळ

झोंबतंय. शत्रू मरताना चावतो. अजेलीने विचारलं, मासे घासायची जाळी कुठे आहे. मला माहीत नाही म्हटलं.

१९ डिसेंबर

परत आले. पहिल्यापेक्षा रुंद. नडग्यांवर नवीन. याला शेवटची धडपड म्हणतात. बुडणारा माणूस हात-पाय जास्तच मारतो.

२१ डिसेंबर

आजची प्रॅक्टिस फार समाधानाची. तीन वेगवेगळ्या पोरांशी खेळलो, तिघांपैकी एकही मला बिलगला नाही. दमलेला बॉक्सर समोरच्याला मिठी मारून श्वास घेतो, ही रीतच आहे. पण माझ्यापाशी कुणी येईना. लांबून एक-दोन ठोसे टाकायचे आणि दोरखंडाकडे पळायचे. एकाला कोपऱ्यात गाठून पोटात असा हाणला की दुपारचं जेवण बाहेर आलं. तो उलटी करतानाही म्हणत होता, "नको दादा, जवळ नको."

दरारा म्हणतात तो हा.

टागो बाबा म्हणाले, उद्यापासून लांब बाह्यांचा शर्ट घालून ये. लारियाचे हेर माझे दंड बघून जात असणार. बाबांचं डोकं अजून चालतं.

२६ डिसेंबर

आज मैदानावर नाताळचे सामने. माझा लोमेहून आलेल्या एका टोगोवाल्याशी, सरावापुरता. सकाळी वजन होतं. मी झगा काढला. त्याच्या कोचने माझ्याकडे बघितलं आणि पोराला दंडाला धरून मागे ओढलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "याच्या अंगावर काय पिकलंय ते आधी सांगा. आमचा पोरगा ते घरी घेऊन जायला आलेला नाही."

मी शांतपणे सांगितलं की ही धूळ आहे. त्या पोराने नाक दाबून धरलं.

डाव्या हाताचा हुक. वजनकाट्यावरून खाली. त्याचं डोकं काट्याच्या लोखंडी पट्टीवर आपटलं आणि आवाज छान आला. मग कोच माझ्या अंगावर, मी कोचच्या अंगावर, मग खुर्च्या. एक खुर्ची माझ्या पाठीवर मोडली. एक मी तिसऱ्याच माणसावर मोडली, तो बिचारा पाणी वाटत होता. पोलिसांनी दोन काठ्या घातल्या, त्यातली एक मला.

टोगोवाल्यांनी माघार घेतली. नियमाप्रमाणे मी विजयी. रिंगमध्ये न जाता जिंकणारे बॉक्सर फार थोडे.

बॉक्सिंगच्या साहेबांनी मात्र बजावलं: कातडीच्या डॉक्टरचं पत्र आण, नाहीतर पाच मार्च विसर. आणतो. डॉक्टरलाही खरा बॉक्सर बघायला मिळेल.

२ जानेवारी

डॉक्टर सेलासी. लहानखुऱ्या बाई, आवाज मात्र रिंगच्या घंटेसारखा. कपडे काढायला लावले. कोपरं, गुडघे, केसांत, कानांमागे, बेंबीत. बेंबीत! मग नखं. माझ्या नखांवर सुईने टोचल्यासारखे खळगे आहेत, हे मला आजच कळलं.

शत्रूचं नाव निघालं: सोरायसिस.

बाई म्हणाल्या, हे लागट नाही. शिवून होत नाही, एका ताटात जेवून होत नाही. बुरशी नाही, कुष्ठ नाही, कुणी केलेली करणी नाही. शरीराचे राखणदार शिपाईच चुकून आपल्या कातडीवर तुटून पडतात, म्हणून ती घाईघाईने वाढते आणि पापुद्रे धरते. म्हणजे माझे शिपाई इतके ताकदीचे आहेत की बाहेर कुणी उरलं नाही म्हणून आत मारताहेत. पटलं.

विचारलं, किती दिवसांत जाईल? म्हणाल्या, "जाणार नाही. आटोक्यात राहील. नीट सांभाळलंत तर महिनोन्महिने दिसणारही नाही. पण ही आयुष्यभराची सोबत आहे."

बाईंना माझं रेकॉर्ड माहीत नाही.

बाकीचं बरंच सांगितलं. घासायचं नाही. कोमट पाण्याने अंघोळ, अंग टिपायचं, ओलसर असतानाच भरपूर व्हॅसलीन. मलम फक्त चट्ट्यांवर, पातळ. बरं दिसलं म्हणून एकदम सोडायचं नाही, हळूहळू कमी करायचं, आणि ते कसं ते त्या सांगतील. सकाळचं ऊन थोडं. ताडाची दारू बंद. मन शांत. "बोटं दुखतात का? सकाळी आखडतात?" मी म्हटलं, "बॉक्सरची बोटं दुखत नाहीत, दुखवतात." हे त्यांनी लिहून घेतलं नाही.

पत्र मिळालं. लागट नाही, असं शिक्क्यासकट.

१४ जानेवारी

मलम जबरदस्त. पापुद्रे गेले. चट्टे चपटे झाले. बाईंनी पातळ सांगितलं होतं, मी जाड लावतो. दिवसातून जितक्या वेळा आठवण येईल तितक्या वेळा. अर्धवट ठोसे मारणारा बॉक्सर मार खातो.

आज लारिया रस्त्यात भेटला. म्हणाला, "दादा, अंग बरं दिसतंय." वाकून नमस्कारही केला. घाबरलाय.

२३ जानेवारी

विजय.

आरशासमोर सगळीकडून बघितलं. काळसर डाग आहेत, पण ते जुन्या लढाईचे व्रण असतात तसे. पापुद्रा एकही नाही. आयुष्यभराची सोबत म्हणे! तीन आठवड्यांत चित केली. मलमाची उरलेली ट्यूब सगळ्यांसमोर खाडीत फेकून दिली. टागो बाबा म्हणाले, "अरे, डॉक्टरीणबाईंना विचारलंस का?" मी म्हटलं, रेफ्रीने हात वर केल्यावर कुणी डॉक्टरला विचारत नाही.

ताडाची आणली. फक्त आजच्यापुरती.

२४ जानेवारी

फक्त कालच्यापुरती ती आज संपवली.

४ फेब्रुवारी

लिहावं की नाही. लिहितो.

सगळे परत आले. नुसते परत नाही, सैन्य घेऊन आले. पाठ, पोट, मांड्या, डोकं तर टोपी घातल्यासारखं. अंग तापलेल्या तव्यासारखं. रात्रभर खाजवलं. सकाळी चटईवर पापुद्रे आणि रक्त. अजेली आली. झाडू घेऊन उभी राहिली, मग झाडू ठेवला आणि बाहेर गेली.

म्हणाली, डॉक्टरीणबाईंकडे चल. मी म्हटलं, ज्यांच्या मलमाने फसवलं त्यांच्याकडे परत? मी स्वतः बघतो.

५ फेब्रुवारी

गुडघ्यांवर रॉकेल लावून बघितलं.

पुन्हा लावणार नाही.

९ फेब्रुवारी

आज थोडा गोंधळ झाला. चूक माझी नव्हती.

उन्हामुळे शर्ट काढून अजेलीच्या ठेल्यावर बसलो होतो. तिचे केंके बुकोममध्ये एक नंबर. आंबवलेल्या मक्याचे गोळे, पानात गुंडाळून उकडलेले, बरोबर तळलेला मासा आणि मिरचीचा ठेचा. मी मदत म्हणून पानं सोडून देत होतो. ओकाइन मेस्त्री आला. गवंडी आहे, रोजचं गिऱ्हाईक. माझ्या हाताकडे बघून म्हणाला, "अजेली, माझं तू बांध बाई. तुझ्या नवऱ्याची साल ठेच्यात पडतेय."

चार माणसं हसली. त्यातली एक बाई जरा जास्तच.

मी उभा राहिलो. ओकाइन म्हणाला, "अरे, मस्करी रे." तोवर हात निघाला होता. निघालेला हात परत बोलावता येत नाही, हे कुठल्याही बॉक्सरला विचारा. उजवा, सरळ, तोंडावर. समोरचे दोन दात गेले. तो मागे गेला तो थेट कढईवर. तेल उसळलं, चूल उलटली, केंकेचं मोठं पातेलं आडवं. गोळे गटारापर्यंत घरंगळले. शेळ्या आल्या. ओकाइनचे पाय पोटऱ्यांपर्यंत भाजले. तो ओरडत होता आणि तोंडातून रक्ताचे फुगे येत होते. मी त्याला अजून एक मारला, कारण त्याने माझं नाव घेऊन शिवी दिली.

सगळे गेल्यावर मी अजेलीला म्हटलं, बघ, माझ्या आजारपणामुळे तुझं गिऱ्हाईक तुटलं, मला वाईट वाटतं. किती मोठ्या मनाने म्हटलं!

ती सांडलेलं तेल मातीने झाकत होती. वर न बघता म्हणाली, "तुझ्या चट्ट्यांमुळे कुणी गेलं नाही. ओकाइन काय आज बघतोय का ते? इतकी वर्षं बघतोय आणि खातोय. तू त्याचे दात पाडलेस म्हणून गेलं गिऱ्हाईक." मग म्हणाली, "चट्टे तुझ्या हातात नाहीत रे. हात तर तुझ्या हातात होता."

संध्याकाळी ती तेशीला भावाकडे गेली. चार दिवस हवापालट.

माझी उजवी मूठ फुटली आहे. ओकाइनच्या दातांची चूक.

१२ फेब्रुवारी

मेहुणा आला, आनुम. समुद्रावर असतो, होडी त्याची. येताना वल्हं घेऊन आला. आमची बोलणी झाली. मुख्यतः त्यानेच केली. मधेच मी पायरीवरून घसरलो आणि डाव्या खांद्याला लागलं. नातं जपायचं म्हणून मी हात उचलला नाही. नंतर उचलून बघितला, उचलला जात नव्हता.

जाताना म्हणाला, "बहिणीला न्यायला येशील तेव्हा मोकळ्या हाताने ये. मूठ इथे ठेवून ये."

कवी मनाचा माणूस.

२० फेब्रुवारी

उजव्या हाताची दोन बोटं सुजली आहेत. पूर्ण, मुळापासून टोकापर्यंत, उकडलेल्या रताळ्यासारखी. सकाळी मूठ वळत नाही. दुपारपर्यंत अर्धी वळते. हे स्नायू आहेत. ताकद बोटांत उतरली आहे.

टागो बाबांनी हात हातात घेतला, हलकेच दाबला. मी ओरडलो नाही, फक्त त्यांच्या पोटात गुडघा गेला. बाबा खाली बसून बराच वेळ श्वास घेत राहिले. मग म्हणाले, "पोरा, सामना सोड. मी त्यांना सांगतो." या वयात माणूस खचतो. मी त्यांना धीर दिला.

दवाखान्यात जाणार नाही. बाई हात बघतील आणि पत्र परत मागतील.

६ मार्च, सकाळ. स्वातंत्र्यदिन

डाव्या हाताने लिहितोय. एक डोळा उघडा आहे.

रेफ्रीचा निर्णय चुकीचा होता, हे आधी नोंदवतो.

सुरुवातीलाच त्याने मला थांबवून अंग पुसायला लावलं. मी भरपूर व्हॅसलीन लावलं होतं, बाईंच्याच सल्ल्याने. रेफ्री म्हणाला, "हा सामना आहे, मासळीबाजार नाही." टॉवेलवर पापुद्रे आले, पुढच्या रांगा कुजबुजल्या. मी दोन्ही हात वर केले.

पहिली फेरी: लारियाची ताकद मोजली. त्यासाठी त्याला मारू दिलं.

दुसरी फेरी: पुन्हा मोजली.

तिसरी: उजवा हात एकदा त्याच्या कपाळावर लागला. पूर्ण ताकदीने. त्याला काय झालं माहीत नाही. माझ्या बोटांतून वीज थेट दातांपर्यंत गेली आणि मी किंचाळलो. ग्लोव्हच्या आत मूठ वळलेलीच नव्हती. त्याने यकृतावर एक घातला. श्वास कुठे गेला ते शोधत मी दोरखंडापर्यंत गेलो. भुवई फुटली. डोळ्यात रक्त, म्हणून मला दोन लारिया दिसायला लागले, आणि दोघेही मारत होते.

एक गोष्ट लिहायलाच हवी. महिनोन्महिने मला कुणी बिलगत नव्हतं. लारिया पहिल्या फेरीपासून बिलगत होता. उघड्या छातीला उघडी छाती. माझे पापुद्रे त्याच्या घामाला चिकटले होते, माझं रक्त त्याच्या खांद्यावर होतं, तरी हटला नाही. भित्रा.

चौथ्या फेरीत असाच धरून उभा होता. मला वाटलं, मी त्याला धरलंय. कानात म्हणाला, "दादा, बस खाली. बस आता, मी नाही मारत. बस." गयावया करत होता. मी त्याच्या कानाखाली डाव्याने हाणला.

मग त्याने मारलं.

खाली पडलो तेव्हा अजेलीचा आवाज आला, असं वाटलं. ती तेशीला आहे. डोक्याला मार लागला की असं होतं.

रेफ्रीने आठपर्यंत मोजून हात हलवले. मी नवाला उठणार होतो.

७ मार्च

अजेली खरंच होती. तिसऱ्या रांगेत, भावाबरोबर. दवाखान्यात रात्रभर बसली. आज घरी आणलं. म्हणाली, "मी राहायला आलेली नाही. बघायला आले आहे." पण स्वतःचं पातेलं घेऊन आली आहे.

मी तिला सांगितलं, लारियाचे दोन-तीनच ठोसे लागले, बाकी सगळे हातावर घेतले. ती म्हणाली, "सूप पी."

२४ मार्च

अजेली मला धरून डॉक्टर सेलासींकडे घेऊन गेली. धरून म्हणजे कानाला नाही, पण जवळपास.

अंगभर नवे चट्टे उठलेत. पूर्वी कधी नव्हते तिथे. छातीवर, बरगड्यांवर, पोटावर, जबड्याच्या कडेला. गोल गोल. बाईंनी बघितलं आणि विचारलं, "मार किती लागला होता?"

मी म्हटलं, "दोन-तीन ठोसे."

बाईंनी बरगडीवरच्या एका चट्ट्यावर बोट ठेवलं. खुर्चीत बसलेली अजेली म्हणाली, "दुसरी फेरी." बाईंचं बोट पुढे गेलं. "ही पण दुसरी." पोटावर. "हा तिसरीतला. इथे तो वाकला होता." जबडा. "हा शेवटचा." दोघी असा सगळा सामना वाचत गेल्या. मी मध्ये भिंतीसारखा उभा. डाव्या खांद्यावर लांबट चट्टा होता, तिथे बाई थांबल्या. "हा ठोसा नाही वाटत."

"तो माझ्या भावाचा," अजेली म्हणाली. "वल्हं."

बाईंनी समजावलं. या आजारात जिथे कातडीला इजा होते, तिथेच तो उगवतो. ठोसा, खरचटणं, भाजणं, घासणं, खाजवणं. "तुम्ही याला जितकं माराल तितकी जागा त्याला मिळेल. आणि दुसऱ्यांनी तुम्हाला मारलं तरी जागा त्यालाच मिळेल."

"म्हणजे मारामारी बंद?"

"मार खाणं बंद."

"मी मार खात नाही," मी म्हटलं.

दोघींनी माझ्या छातीकडे बघितलं.

मग हात. बाईंनी सुजलेली बोटं एकेक करून वाकवली. मी ओरडलो. म्हणाल्या, हाच आजार सांध्यांत उतरलाय. बऱ्याच जणांना होतो, नखांवर आधी दिसतं. "मी जानेवारीत विचारलं होतं." आता औषध आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी. एकदाच. रोज घेतली तर जिवावर बेतेल, हे त्यांनी मला नाही, अजेलीला सांगितलं. मधूनमधून रक्त तपासायचं. दारूचा थेंब नाही. मलम त्या सांगतील तसं, त्या सांगतील तेव्हाच कमी करायचं.

"पुढच्या सामन्यापर्यंत बोटं बरी होतील?"

बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "चमचा नीट धरता यावा, यासाठी आपण प्रयत्न करतोय."

घरी येताना रस्त्यात एकजण माझं रिंगमधलं नाव घेऊन म्हणाला, "काय हॅमर, कसा आहेस?" चांगल्या मनानेच म्हणाला असेल. मूठ वळायला गेलो. वळली नाही.

२ एप्रिल

अजेलीची अट: राहीन, पण आधी ओकाइनकडे जाऊन ये.

तयारी करून गेलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. त्या दिवसाची परिस्थिती, ऊन, आजारामुळे आलेला ताण, त्याचाही थोडा दोष. ओकाइन एका भिंतीच्या पायाशी बसून विटा ओल्या करत होता. पोटऱ्यांवर भाजल्याचे व्रण. तोंड उघडलं तेव्हा मधली जागा दिसली. माझं पाठांतर तिथेच पडलं. मी म्हटलं, "चुकलो."

तो उठला. म्हणाला, "इकडे ये. तोंड वर कर."

मला वाटलं, मिठी मारतोय. सणसणीत कानाखाली बसली. गवंड्याचा हात, विटांचा. डोळ्यांपुढे काजवे. मी दोन पावलं मागे गेलो, उजवा हात आपोआप वर आला, आणि वरच राहिला, रताळी लोंबतात तसा.

ओकाइनने त्या बोटांकडे बघितलं. मग म्हणाला, "हे काय झालं रे?"

सांगितलं. आजार सांध्यांत उतरलाय. कायमचा आहे. लागट नाही. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला सगळं क्रमाने सांगितलं, मधे विजय न घालता. तो उकिडवा बसला आणि ऐकलं. म्हणाला, "माझ्या आईच्या डोक्यात होतं असलंच काहीतरी. आम्ही तिची चटई वेगळी ठेवायचो." मग विटेवर पाणी ओतत राहिला.

निघताना म्हणाला, "अजेलीला सांग, उद्यापासून दोन केंके. मऊ बघून दे. चावता येत नाही."

१९ एप्रिल

रविवार. गोळीचा दिवस. अजेली डबी लपवून ठेवते, एक गोळी हातावर देते आणि गिळेपर्यंत बघते. दुपारी मळमळलं. झोपलो.

आज लारियाचा टेमाला सामना आहे. टागो बाबा बोलवायला आले होते, गाडीत जागा आहे म्हणाले. गेलो नाही.

सूज थोडी उतरली आहे. उजवी मूठ निम्म्यापर्यंत येते. चमचा धरता येतो. पेन धरता येतं, अक्षर वाईट आहे.

छातीवरचे चट्टे चपटे झालेत. डाग राहिलेत. कोपरं आहेत तशीच. डोक्यातलं कमी-जास्त होतं, का ते कळत नाही. बाई म्हणतात, त्यांनाही दर वेळी कळत नाही.

पाठीला माझा हात पोचत नाही. अजेलीने पीठ मळून झाल्यावर हात धुतले, मलम बोटावर घेतलं आणि म्हणाली, "वाक." वाकलो. तिचं बोट गार होतं. खालपर्यंत लावून झालं तरी ती तिथेच बघत थांबली.

म्हणाली, "बरे दिसतायत."

मी म्हटलं, "थोडे."